मोसंबी निळी कशी?

पांढुर्णा-सौंसरच्या पोरांना संत्र्याचं नवल ते काय! पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला 2023 साली. संत्र्याचे बगीचे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. तर घरात सापडतील ती संत्री, मोसंबी, लिंबं गोळा करा. प्रत्येकाचं वजन करा आणि चाखून गोडीला 10 पैकी गुण द्या. (लिंबू चाखताना तोंड कसं होतं, त्याला गुण नाहीत.)

आता चौकटीच्या कागदावर आडवं वजन, उभी गोडी. एका फळाचा एक ठिपका. बघता बघता ठिपक्यांचे पुंजके जमतील. लिंबांचा खाली डावीकडे, एकटाच. संत्री-मोसंबीचे मात्र एकमेकांत घुसलेले. इथे रंग हवेत.

संत्र्याला नारिंगी, मोसंबीला हिरवट, लिंबाला पिवळा? करून बघा. पांढऱ्या कागदावर पिवळे ठिपके गायब! शिवाय संत्रं नारिंगीच असतं, हे कुणी सांगितलं? आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं उतरतात तेव्हा रात्री पुरेशा गार नसल्या, तर सालीतलं हरितद्रव्य जातच नाही. आतून गोड, वरून हिरवं!

मग लाल आणि हिरवा? दोन्ही कसे ठसठशीत! पण काही मुलांना ते जवळजवळ सारखेच दिसतात. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यातला लाल किंवा हिरव्यासाठीचा प्रकार नसला किंवा बिघडला, की लाल-हिरव्याची गल्लत होते. मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त. अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टन आठवतो? त्यालाही रंगांची अशीच अडचण होती आणि 1794 मध्ये त्याने त्यावर निबंधही वाचला होता.

जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी अशा मंडळींनाही वेगवेगळे ओळखू येतील असे 8 रंग निवडलेत. त्यातले तीन घेऊ: संत्र्याला नारिंगी, लिंबाला काळा, मोसंबीला निळा. हसू नका! निळं फळ आपल्या ढिगात नाही हे खरं, पण संत्र्याला निळा आणि मोसंबीला नारिंगी दिला असता, तर बघणारा दर ठिपक्याला अडखळला असता.

रंग पुरेसे वेगळे आहेत का, हे तपासायला मोबाइलवर आलेखाचा काळा-पांढरा फोटो काढा. दोन पुंजके सारख्याच करड्या रंगाचे दिसले, तर एक रंग गडद करा, नाहीतर मोसंबीला ठिपक्याऐवजी सरळ त्रिकोण द्या.

आणि निळ्या घोळक्यात एखादा नारिंगी ठिपका घुसलेला दिसतोय? ते संत्रं पुन्हा तराजूवर ठेवा. वजन बरोबर निघालं, तर बगीचेवाल्या आजोबांना विचारा, कुठल्या झाडाचं ते!