सायकलीचा स्वभाव आणि टायरमधील हवा
पोलादी, ॲल्युमिनियमच्या आणि कार्बनच्या रोडबाइकमधील तफावतीचे सारे श्रेय फ्रेमच्या पदार्थास देण्याचा प्रघात असला, तरी कात्रज घाट उतरताना, ठिगळे लावलेल्या डांबरावरून जो कंप हँडलमधून तळहातांत शिरतो, त्याचे नियमन मुख्यतः टायरची रुंदी आणि त्यातील हवेचा दाबच करतात, अशी माझी खात्री आहे. २३ मिलिमीटरचा टायर टणक फुगवला, की कार्बनची महागडी सायकलही हाडे खिळखिळी करते. २८ मिलिमीटरचा टायर बेताच्या दाबावर ठेवल्यास साधे ॲल्युमिनियमही सौम्यपणे धावते. फ्रेमची भूमिती मात्र उपेक्षणीय नव्हे: लांब व्हीलबेसची एन्ड्युरन्स सायकल उतारावर स्थिर राहते, शर्यतीची सायकल वळणावर तत्काळ आज्ञा पाळते. तेव्हा नव्या खरेदीपूर्वी, फ्रेम व ब्रेकमध्ये जागा असल्यास, जुन्या सायकलीलाच रुंद टायर चढवून पाहावेत.