कुत्रा मागे आला की झाली चोरी!

शेजाऱ्याचा कुत्रा पळवायच्या इराद्याने खिशात खाऊ ठेवलात आणि तो तुमच्या मागे चालू लागला, की त्याच क्षणी चोरी झाली. हे उदाहरण १८६०च्या भारतीय दंड संहितेत होतं, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. स्वतःच्या घड्याळाचीही चोरी होते बरं का! दुरुस्तीचे पैसे थकवले म्हणून घड्याळजीने अडवून ठेवलेलं आपलंच घड्याळ गुपचूप उचललं, तर तो गुन्हाच.

चौघांनी मिळून मारझोड करून लुटलं तर जबरी चोरी. पाचवा सामील झाला की दरोडा.

गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावणं हा आता देशभर स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४. हे फार आधीच व्हायला हवं होतं. उलट, पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि वस्तू परत केलेली, असं असेल तर शिक्षा समाजसेवेची.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत २०१९मध्ये चोरीचे साधारण पावणेसात लाख गुन्हे होते. २०२०मध्ये टाळेबंदी लागली, माणसं घरात, लोकल आणि बाजार बंद. आकडा पाच लाखांच्या आसपास उतरला. २०२२मध्ये तो पुन्हा साडेसहा लाखांवर गेला. एक मेख मात्र लक्षात ठेवा: एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. चोरी करताना खून झाला, तर तक्त्यात फक्त खून दिसतो.

आणि जे नोंदलंच नाही, ते मोजणार कोण? एसटी स्टँडवर गर्दीत धक्का बसतो, खिशातला मोबाईल जातो. ठाण्यात अर्ज लिहिताना समोरून सुचवलं जातं, ‘गहाळ झाला असं लिहा.’ आपणही घाईत लिहून देतो. त्या एका शब्दाने चोरी देशाच्या हिशेबातून पुसली जाते. म्हणूनच नोंद सोपी होते तिथे आकडा फुगतो. दिल्लीत वाहनचोरीची तक्रार २०१५पासून ऑनलाइन करता येते. तिथला आकडा वाचताना हे ध्यानात घ्यायलाच हवं.

तेव्हा आजच *#०६# दाबून मोबाईलचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक वहीत उतरवून ठेवा. आणि खिसा कापला गेलाच, तर अर्जात ‘चोरी’ हाच शब्द लिहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.