नवा केबल मोडेम आणि सहा अक्षरे

‘मोडेम’ हा शब्द ‘मॉड्युलेटर’ व ‘डीमॉड्युलेटर’ या दोहोंच्या आद्य अंशांपासून सिद्ध झाला आहे. संदेश तारेवर चढविणे व उतरवून घेणे ही दोन कार्ये त्यात सूचित होतात. घरी नवा मोडेम बसविताना मात्र तिसरेच कार्य अडते.

अमेरिकेत भाडे वाचविण्यासाठी अनेक ग्राहक मोडेम स्वतः विकत घेतात. केबलची तार आट्यांवर घट्ट बसवून वीज दिली, की यंत्र कंपनीच्या केंद्राशी संधान बांधते. मध्ये तारेस फाटे फोडणारी डबी असल्यास संकेत क्षीण होतो. ती शक्यतो वगळावी. एवढे होऊनही इंटरनेट मिळत नाही, आणि गृहस्थ मोडेम पुनःपुन्हा बंद-चालू करीत बसतो. वस्तुतः दोष तारेत नसतो. मोडेमचा क्रमांक कंपनीच्या दप्तरी ग्राहकाच्या नावे चढलेला नसतो, इतकेच.

हा क्रमांक 12 चिन्हांचा असून तो 0 ते 9 हे अंक व ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे यांनी लिहितात. तो पुष्कळदा दूरध्वनीवरून सांगावा लागतो. येथे भाषाभ्यासकास विचार करण्याजोगे काही आहे. बी, सी, डी, ई या चारही नावांचा शेवट एकाच दीर्घ स्वराने होतो. भेद काय तो आरंभीच्या व्यंजनात, आणि दूरध्वनीवर नेमके तेच पुसट होते. ‘ए’ आणि ‘एट’ यांचीही तीच गत. यास्तव ‘ब्राव्हो’, ‘चार्ली’, ‘डेल्टा’, ‘एको’ असे शब्द योजून अक्षरे सांगावीत व समोरच्याकडून क्रमांक परत म्हणवून घ्यावा. राउटर वेगळा असल्यास त्याचा क्रमांकही निराळा असतो. कंपनीस हवा असतो तो मोडेमचा.