उतरत्या कौलांखालचे न्हाणीघर

जुन्या कौलारू घरात माळ्यावर न्हाणीघर काढावयाचे म्हटले की पहिली शंका निघते ती डोके आपटण्याची. शंका खोटी नव्हे; पण हिशेब करून पाहा. छपराचा उतार ३० अंशांचा धरला, तर बाजूच्या भिंतीपासून प्रत्येक फुटामागे उंची सुमारे ७ इंच वाढते. भिंत ३ फूट असेल, तर साडेसहा फूट उंचीसाठी सहा फूट आत यावे लागते. दार, आरसा, बेसिन तेथेच हवे. कारण तेथे माणूस उभा असतो. फवाऱ्याखाली उभ्याने स्नान करणाऱ्यालाही तीच जागा. पण पाटावर बसून तांब्याने पाणी घेणाऱ्याचे डोके साडेतीन फुटांच्या आत राहते. त्याला भिंतीपासून तीन फुटांवर मिळणारी पावणेपाच फूट उंची तांब्यासकट पुरते! पाट मात्र असा मांडावा की, उठताना तोंड उंच बाजूकडे असेल.

खरी भीती पाण्याची. २०० लिटरचे पिंप भरले की त्यातील पाण्याचेच वजन २०० किलो. ते फळ्यांच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या टोकाशी ठेवावे. फळ्यांवर नुसती फरशी बसवून भागत नाही. खाली पाणी अडवणारा थर हवाच, आणि तो भिंतीवर वीतभर चढवलेला हवा.

वाफ तर आढ्याशी जाऊन साचते. काचेचे कौल उजेड देते, हवा देत नाही; म्हणून झडप आढ्याजवळच ठेवावी. नाहीतर वासे कुजू लागतात, आणि वर रंग दिलेला असला तर ते वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही.