बालकल्याणाच्या कामात पर्यवेक्षिकेचे स्थान

एखादी सेविका मुलांच्या कामात चांगली मुरली, की तिच्याकडे इतर सेविकांची देखरेख सोपवावी, असे संस्थाचालकांना साहजिकच वाटते. ही त्याच कामाची पुढची पायरी, असा सर्वांचा समज असतो. आम्हांस मात्र हे निराळेच काम वाटते. महोत्सवाच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविकेच्या वरची ही जागा खेड्यापाड्यांतही ओळखीची झाली. आपल्या मध्य प्रदेशात जिला पर्यवेक्षक म्हणतात, तिला तापीच्या कडेने जळगाव जिल्ह्यात उतरले की मुख्यसेविका म्हणतात. नाव कोणतेही असो, सेविकेचे काम मुलाशी, तर हिचे काम सेविकेशी असते.

इतवाऱ्यासारख्या वस्तीतले उदाहरण घेऊ. समजा, बालवाडीत रोज येणारी मुलगी आठवडाभर आली नाही. नवी सेविका घरी जाऊन येते व सांगते, “आई पाठवते म्हणते, पण पाठवीत नाही.” जुन्या बाईंना कारण तेथल्या तेथे सुचते : बाप लूमवर रात्रपाळीला, आई मजुरीला, आणि धाकटे भावंड मुलीच्या कडेवर. बाई स्वतः गेल्या तर मुलगी कदाचित उद्याच येईल. परंतु सेविका काही शिकणार नाही, आणि त्या घरात तिच्या शब्दाला किंमत उरणार नाही. म्हणून बाईंनी विचारावे, “तुम्ही गेलात तेव्हा धाकटं कोणाजवळ होतं? घरात मोठं माणूस कोण होतं?” उत्तर सेविकेलाच सापडू द्यावे. हात आवरणे हीच येथली पहिली विद्या, आणि ती फार कठीण.

अमेरिकेतील आल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पर्यवेक्षणाची तीन अंगे मांडली : कारभार, शिक्षण आणि आधार. आपल्याकडे पहिल्याच अंगावर भर असतो. रजिस्टर पाहिले, सही केली, की भेट संपली. वास्तविक मार खाल्लेले वा उपाशी मूल पाहून आलेल्या सेविकेला दोन शब्द बोलण्यास जागा हवी असते. ती न मिळाल्यास तिचे मन एक तर निबर होते, नाही तर ती काम सोडते. दोहोंत नुकसान मुलाचेच.

मात्र मुलाच्या जिवाला धोका दिसला तर प्रश्न विचारीत बसू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार वा संकटातील बालकास चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती कळविणे तर २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. अशा वेळी पर्यवेक्षिकेने सेविकेबरोबर स्वतः उभे राहावे.

या वाटेचा उत्तम दाखला कोसबाडचा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या, तरी काम थांबले नाही. अनुताईंनी ते पुढे नेले. ताराबाईंनी मुलांइतकेच मुलांना सांभाळणारी माणसेही घडविली होती, म्हणूनच हे घडले.

सेविकेची पर्यवेक्षिका झाली की एक दुःखही पदरी येते : पूर्वी ‘बाई, बाई’ म्हणत धावत येणारी मुले आता दुसरीकडे धावतात. संस्थेने हे जाणावे. तिला कारकुनीत बुडवू नये, प्रत्येक सेविकेशी निवांत बोलण्यास तिला ठरलेला वेळ द्यावा, आणि वस्तीत सेविकेच्या मागे बसून नुसते पाहण्याची मोकळीकही द्यावी. आमची अशी श्रद्धा आहे की, मुले दुसऱ्या बाईकडे विश्वासाने धावली, यातच पर्यवेक्षिकेच्या श्रमांचे सार्थक आहे.