छापील खंड म्हणजे अख्खं दफ्तर नव्हे!

पेशवाईवर लिहिणारे बहुतेक जण गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांपाशी थांबतात. हे खंड अनमोल आहेत, सुरुवात तिथूनच करावी. पण ती निवड आहे. पुणे पुराभिलेखागारातले मोडी लिपीतले असंख्य कागद आजही अप्रकाशित आहेत. निवडीत साहजिकच लढाया आणि राजकारणाला झुकतं माप मिळालं. गावचा वसुली हिशेब, धान्याचे भाव, वतनाचे तंटे यांसाठी मूळ रुमालच (कागद बांधून ठेवलेले कापडी गठ्ठे) सोडावे लागतात.

कुणी म्हणेल, मोडी कुठे येते? अडचण खरी आहे. आधी आडवी रेघ ओढून खाली सलग लिहिलेली अक्षरं, शब्द न तोडलेले. तारीखही ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्यात दिलेली. पण लिपी सरावाने येते आणि तारखा जुळवायला जंत्री आहे. ‘आता सगळं ऑनलाइन मिळतं’ हाही आक्षेप टिकत नाही. जे स्कॅनच झालेलं नाही, ते शोधून सापडणार कसं? म्हणून आधी छापील खंड, मग भारत इतिहास संशोधक मंडळाचं ग्रंथालय, शेवटी दफ्तर, असा क्रम ठेवा. आणि मोडी शिकाच!