मॉडेल रेल्वेचा फोटो आणि काळाचा पुरावा

पेटची तयारी करताना 'ऑपरेशनल डेफिनिशन' आपण सगळेच पाठ करतो. संकल्पना मोजता किंवा तपासता येईल अशा शब्दांत मांडणं, वगैरे. पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की 'वास्तवदर्शी', 'प्रभावी', 'पारंपरिक' असे शब्द सहज पडतात आणि गाइड पहिल्याच वाचनात विचारतात, "हे तपासणार कसं?" या प्रश्नाचं उत्तर आज जरा वेगळ्या ठिकाणी शोधू या. मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये आणि त्याच्या फोटोमध्ये.

लेआउट म्हणजे चावीची खेळण्यातली आगगाडी नव्हे. रूळ, खडी, सिग्नल, फलाट, गाव, झाडं, माणसं असं सगळं एकाच प्रमाणात लहान करून उभं केलेलं दृश्य. ब्रिटनमध्ये १:७६ हे प्रमाण खूप वापरलं जातं, म्हणजे खरी ७६ मीटरची लांबी मॉडेलमध्ये १ मीटर होते. यातले गंभीर लोक एक दावा करतात: 'हे दृश्य अमुक काळातलं आहे'. या दाव्याला ते पीरियड रिअ‍ॅलिझम म्हणतात, आपण काळाचा खरेपणा म्हणू.

दावा आधी नेमका करा

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम गावात पेंडन म्युझियम आहे. ते रॉय इंग्लंड या माणसाने १९५४ मध्ये सुरू केलं. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १९२५ मध्ये इंग्लंडला आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या भागातली जुनी गवती छपरांची घरं डोळ्यांदेखत बदलताना त्याने पाहिली आणि ती मॉडेलमध्ये जपून ठेवायचं ठरवलं. पेंडनमधलं गाव काल्पनिक आहे, पण त्यातली घरं त्या परिसरातल्या खऱ्या घरांवरून केलेली आहेत. काळही ठरलेला आहे: १९२० आणि १९३० ची दशकं.

इथे मर्यादा किती स्वच्छ आखल्या आहेत बघा. गाव खरं असल्याचा दावा नाहीच. दावा आहे तो घरांचा, प्रदेशाचा आणि काळाचा. आपल्या भाषेत, 'स्कोप' आणि 'डिलिमिटेशन' आधीच लिहून झालेलं आहे.

तारीख ठरली की चूक सापडते

'जुन्या काळातलं स्टेशन' असं म्हटलं तर कोणी काही चूक काढू शकत नाही. 'इंग्लंड, उन्हाळा १९३५' म्हटलं की लगेच तपासण्या सुरू होतात. काही पक्क्या तारखा घ्या.

- १ जानेवारी १९२३ : बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या.
- नोव्हेंबर १९३६ : बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा लंडनमधून सुरू झाली.
- १ जानेवारी १९४८ : रेल्वेचं राष्ट्रीयीकरण होऊन 'ब्रिटिश रेल्वेज' आली.
- ३ जून १९५६ : तिसऱ्या वर्गाला दुसरा वर्ग म्हणायला सुरुवात झाली. त्याआधी बहुतेक गाड्यांत पहिला आणि तिसरा एवढेच वर्ग असत.

आता १९३५ च्या दृश्यात एका घरावर टीव्हीचा अँटेना असेल, किंवा इंजिनावर ब्रिटिश रेल्वेजचं बोधचिन्ह असेल, तर दावा तिथेच मोडला. बाकी हजार गोष्टी बरोबर असल्या तरी. उलट, १८८० चं घर किंवा झिजलेली जुनी वाघीण १९३५ मध्ये अगदी चालते, कारण वस्तू आपल्या काळानंतरही टिकतात. १९४८ नंतरसुद्धा कित्येक वाघिणी जुन्या कंपनीच्या रंगातच धावत होत्या, सगळ्या एका रात्रीत रंगवून होणार नव्हत्या.

म्हणजे नियम असा: दृश्याचा काळ त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूच्या आधीचा असू शकत नाही. जुन्या वस्तू कितीही गोळा केल्या तरी काळ सिद्ध होत नाही, पण एक नवी वस्तू तो खोडून काढते. बिनतारखेचं हस्तलिखित किंवा उत्खननातला थर यांचा काळ ठरवतानाही हाच तर्क लागतो. पॉपरचं 'फॉल्सिफायेबिलिटी' पुस्तकात समजलं नसेल, तर हा अँटेना लक्षात ठेवा.

अजून एक बारीक मुद्दा. लेआउटवर एकाच वेळी चर्चमध्ये लग्न, रस्त्यावर आगीचा बंब आणि रुळांवर खास गाडी दाखवायचा मोह होतो. प्रत्येक गोष्ट त्या काळात घडत होती, पण सगळ्या एकाच दुपारी? सुटी तथ्यं खरी आणि एकूण चित्र खोटं. नमुना निवडीत आपलंही असंच होतं: लक्षवेधी केसेस तेवढ्या उचलल्या जातात.

कॅमेरा काय तपासतो

लेआउटसमोर उभे राहिलो की आपण तो वरून बघतो, आणि डोळा बरंच माफ करतो. कॅमेरा तीन गोष्टी माफ करत नाही.

पहिली, उंची. माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर असतात. १:७६ मध्ये ते होतात २१ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे. लेन्स तिथपर्यंत खाली नेली की फोटो फलाटावर उभं राहून काढल्यासारखा दिसतो. त्याच वेळी जमिनीवर नीट न टेकलेलं घर आणि मागच्या पडद्याची कडाही दिसायला लागते.

दुसरी, खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. समजा फुल-फ्रेम कॅमेरा आहे, ५० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/१६, आणि इंजिन ३० सेंटीमीटरवर. स्पष्ट पट्टा मिळतो फक्त ३ सेंटीमीटरच्या आसपास. खऱ्या जगात हेच अंतर होतं २३ मीटर, आणि तिथे त्याच लेन्सने सुमारे सव्वाचार मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मॉडेलचा डबा २३ सेंटीमीटरचा असेल तर त्याचा जेमतेम आठवा भाग स्पष्ट आणि बाकी धूसर. 'हे खेळणं आहे' हे बघणाऱ्याला या धूसरपणावरूनच कळतं. अ‍ॅपर्चर आणखी लहान केलं तर पट्टा वाढतो, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच थोडं मऊ होत जातं. म्हणून आज फोकस स्टॅकिंग करतात: फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा.

तिसरी, प्रकाश. सूर्य एकच आहे आणि आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश दिसते, म्हणून उन्हातल्या सावल्या एका दिशेच्या आणि बऱ्यापैकी रेखीव असतात. खोलीत चार दिवे लावले की सिग्नलच्या खांबाला चार सावल्या. दोन मीटरवरून सूर्यासारखी सावली हवी असेल, तर दिव्याचा उजळ भाग दोनेक सेंटीमीटरपेक्षा मोठा नको. मोठी छत्री लावलेला दिवा ढगाळ दिवस देईल, ऊन नाही.

या तिन्ही गोष्टी जमल्या तरी फोटोने काळ सिद्ध होत नाही. त्या जमल्या म्हणजे दृश्य खरं *वाटतं*. काळ बरोबर आहे का, हे वरच्या तारखांशी ताडूनच कळतं. छान दिसणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि छान फोटो दुसरी कसोटी विसरायला लावतो.

मॉडेल जातं, फोटो उरतो

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे इथे जॉन अ‍ॅलनचा 'गोअर अँड डॅफेटिड' नावाचा लेआउट होता. उच्चार करून बघा, 'गोरी अँड डिफीटेड', म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. अ‍ॅलन छायाचित्रणाच्या व्यवसायातला माणूस. उन्हापावसाने विटलेली, गंजलेली मॉडेलं लोकप्रिय करण्यात त्याचा मोठा वाटा होता. जागा मोठी भासावी म्हणून तो दृश्यात आरसे बसवायचा. जानेवारी १९७३ मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच आगीत लेआउटचा बहुतेक भाग नष्ट झाला.

आज तो लेआउट आपल्याला कळतो तो मुख्यतः फोटोंमधून, आणि त्यातले पुष्कळ फोटो ज्याने तो बांधला त्यानेच काढलेले. इथे इतिहासाच्या पेपरमधली साधनांची चिकित्सा कामाला येते. फोटो कोणी काढला? कुठून? कशासाठी? चौकटीबाहेर काय राहिलं? लांबवर गेलेला रस्ता खरंच होता की आरसा होता? फोटो खोटे आहेत असा याचा अर्थ नाही. ते एका बाजूने बोलतात, आणि ती बाजू कोणती हे आपण लिहायचं असतं.

म्हणून लेआउटची नोंद करायची असेल तर दोन प्रकारचे फोटो वेगळे ठेवा. एक देखणे: खालच्या उंचीवरून, हवं तर धूर आणि आकाश जोडून. दुसरे पुराव्याचे: वरून, चारही बाजूंनी, मोजपट्टी ठेवून, काहीही न जोडता. स्टॅकिंग केलंत तर मूळ फाइल्स जपा आणि काय केलं ते लिहून ठेवा. तुमच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं आणि त्यांवरून लिहिलेलं प्रकरण यांतही हेच नातं आहे.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. गेलात तर एकदा वाकून, डोळे रुळांच्या पातळीला आणून बघा. मग घरी येऊन आपल्या सिनॉप्सिसमधलं मुख्य विधान काढा आणि त्याखाली एक ओळ लिहा: 'अमुक एक गोष्ट सापडली तर हे विधान चूक ठरेल.' ती ओळ लिहिता येत नसेल, तर विधानावर अजून तारीख पडलेली नाही.